प्रादेशिक विमानसेवा की खासगी जेट : अमेरिकन वैमानिकांच्या व्यवसायनिवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विमान वाहतुकीच्या इतिहासात यंत्राला जेवढे स्थान मिळाले तेवढे ते चालविणाऱ्या माणसाला मिळालेले नाही. राईट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणापासून जेट युगापर्यंतचा हा इतिहास प्रामुख्याने विमानांच्या नावांनी सांगितला जातो. त्यात वैमानिक साहसवीर म्हणून येतो, नोकरदार म्हणून क्वचितच येतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैमानिकी हा वेतन, बढती, कामाचे तास आणि निवृत्तिवय यांनी बांधलेला व्यवसाय झाला होता. अन्य व्यवसायांप्रमाणेच या व्यवसायातही प्रवेश करणाऱ्या तरुणापुढे निवडीचा प्रश्न होता.

अमेरिकेत प्रशिक्षण संपवून काही काळ इतरांना उड्डाण शिकविणाऱ्या तरुण वैमानिकापुढे सर्वसाधारणपणे दोन मार्ग येतात. पहिला मार्ग प्रादेशिक विमान कंपनीचा. या कंपन्या लहान शहरांतील प्रवासी मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांपर्यंत पोहोचवितात. दुसरा मार्ग खासगी जेटचा, म्हणजेच उद्योगसमूह, धनिक व्यक्ती किंवा भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीच्या चाकरीचा. वरवर पाहता ही वेतनाची आणि सोयीची तुलना वाटते. मात्र या दोन मार्गांचा इतिहास तपासला असता, ही निवड दोन प्रकारच्या विमानांमधील नसून नोकरीच्या सुरक्षिततेविषयीच्या दोन भिन्न कल्पनांमधील आहे, असे दिसून येते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. अमेरिकेतील अनुसूचित विमानसेवा व खासगी विमानसेवा यांतील वैमानिकांच्या नोकरीचा ऐतिहासिक विकास पाहणे.
२. सेवाज्येष्ठतेच्या तत्त्वाचा वैमानिकांच्या निवडीवर झालेला परिणाम तपासणे.
३. अपघात व त्यानंतरचे कायदे यांमुळे या निवडीचे स्वरूप कसे बदलले याचा शोध घेणे.

गृहीतक :

प्रादेशिक कंपनीत वैमानिकाची सुरक्षितता यादीतील क्रमांकावर, तर खासगी विमानसेवेत ती मालकाशी असलेल्या संबंधावर अवलंबून राहिली आहे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, अपघात चौकशीचे निष्कर्ष आणि विमान उद्योगाच्या इतिहासातील नोंदी यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. अभ्यासाचे क्षेत्र अमेरिकेपुरते मर्यादित आहे.

१. दोन परंपरांचा उगम :

१९२५ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने हवाई टपालाची वाहतूक खासगी ठेकेदारांकडे सोपविली आणि त्यातूनच पुढील मोठ्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या. आर्थिक मंदीच्या काळात या कंपन्यांनी वेतनकपातीचे धोरण स्वीकारताच वैमानिक संघटित होऊ लागले. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने दिलेला ‘निर्णय क्रमांक ८३’ हा वैमानिकांच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. या निर्णयाने उड्डाणाची मर्यादा महिन्याला ८५ तास ठरविली. तसेच वेतनाचा संबंध सेवेची वर्षे, उड्डाणाचे तास आणि विमानाचा वेग यांच्याशी जोडला. १९३६ मध्ये रेल्वे कामगारांसाठीचा श्रमविषयक कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला आणि सामूहिक कराराला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

याच काळात दुसरी परंपराही आकार घेत होती. तेल कंपन्यांनी प्रचारासाठी व अधिकाऱ्यांच्या प्रवासासाठी विमाने बाळगण्यास प्रारंभ केला होता. प्रसिद्ध वैमानिक जेम्स डूलिटल १९३० मध्ये लष्करी सेवा सोडून शेल कंपनीच्या विमान विभागात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची अतिरिक्त विमाने स्वस्तात उपलब्ध झाली. उद्योगसमूहांनी ती घेऊन आतून सजविली आणि युद्धातून परतलेल्या वैमानिकांना त्यांवर नेमले. अशा विमानमालक कंपन्यांची संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अनुसूचित विमानसेवेत पहिली प्रभावी संघटना वैमानिकांची होती, खासगी क्षेत्रात ती मालकांची होती. पुढील सात-आठ दशकांतील अनेक गोष्टींचे मूळ या भेदात सापडते.

२. सेवाज्येष्ठतेची यादी : संरक्षण आणि बंधन

विमान कंपनीत रुजू होण्याच्या तारखेनुसार वैमानिकाला यादीत क्रमांक मिळतो. कोणते विमान, कोणते शहर, कोणत्या दिवशी सुटी, कॅप्टनपदी बढती कधी आणि मंदीत घरी कोणी बसायचे, हे सर्व या क्रमांकावरून ठरते. वरिष्ठाची मर्जी किंवा नातेगोते यांना त्यात वाव राहत नाही. महाविद्यालयीन क्षेत्रातील वाचकांना सेवाज्येष्ठता यादीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र येथे तिची व्याप्ती अधिक आहे. वैमानिकाचे दैनंदिन जीवनच या यादीने आखलेले असते.

या यादीच्या दोन मर्यादा इतिहासाने स्पष्ट केल्या आहेत. पहिली मर्यादा अशी की, यादी आत असलेल्यांचेच रक्षण करते. वायुदलाचा अनुभव असलेले कृष्णवर्णीय वैमानिक मार्लन ग्रीन यांना कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सने नोकरी नाकारली. त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९६३ मध्ये लागला आणि १९६५ मध्ये ते सेवेत दाखल झाले. यादीतील क्रमांक निःपक्षपाती असला, तरी यादीचे दार तसे नव्हते.

दुसरी मर्यादा अशी की, यादी कंपनीची असते, व्यवसायाची नसते. वीस वर्षे कॅप्टन असलेल्या वैमानिकाची कंपनी बंद पडली तर दुसऱ्या कंपनीत तो यादीच्या तळाशी सहवैमानिक म्हणून रुजू होतो आणि वेतनही त्या पायरीचे घेतो. अनुभव त्याच्याबरोबर जातो, ज्येष्ठता जात नाही. म्हणूनच प्रादेशिक कंपनीत नोकरी धरताना वैमानिक एका कंपनीच्या भवितव्यावर आपले आयुष्य लावीत असतो.

३. विनियंत्रण आणि प्रादेशिक कंपन्यांचा विस्तार :

लहान शहरांना विमानसेवा मिळावी यासाठी महायुद्धोत्तर काळात सरकारी अनुदानावर स्थानिक विमान कंपन्या सुरू झाल्या. कालांतराने त्यांनीही मोठी विमाने घेतली आणि लहान मार्ग तोट्याचे ठरू लागले. १९६७ मध्ये ॲलेगेनी एअरलाइन्सने मेरिलँडमधील हेगर्सटाऊनची सेवा एका लहान कंपनीकडे सोपविली. विमान व वैमानिक लहान कंपनीचे, तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचे, अशी ही व्यवस्था होती. पुढील प्रादेशिक विमानसेवेचा हाच नमुना ठरला.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान कंपनी विनियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. मार्ग व भाडे ठरविण्याचे सरकारी बंधन टप्प्याटप्प्याने संपले. मोठ्या कंपन्यांनी निवडक शहरांत केंद्रे उभारली आणि आसपासच्या गावांतील प्रवासी आणून देण्याचे काम प्रादेशिक कंपन्यांना दिले. १९९३ पासून अमेरिकेत पन्नास आसनी जेट विमाने या सेवेत येऊ लागली आणि प्रादेशिक कंपन्यांचा विस्तार झपाट्याने झाला.

या विस्ताराची किंमत वैमानिकाने मोजली. १९३४ च्या निर्णयाने वेतन विमानाच्या वेगाशी जोडले होते. नंतरच्या करारांत विमानाचे वजनही त्यात धरले गेले. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला अधिक वेतन मिळावे हा त्यामागील विचार होता. मात्र त्याच तर्काने लहान विमानाच्या वैमानिकाचे वेतन लहान राहिले. २००० नंतरच्या दशकात प्रादेशिक कंपनीतील नवा सहवैमानिक तासाला सुमारे २० डॉलरवर काम करीत असे, आणि हा तास सामान्यतः विमान फलाटावरून निघाल्यापासून पुन्हा फलाटाला लागेपर्यंतच मोजला जाई. विमानतळावर वाट पाहण्यात किंवा विमानाच्या तयारीत गेलेला वेळ त्यात धरला जात नसे. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या मानधनाशी या पद्धतीचे साम्य सहज लक्षात येईल. तरीही तरुण ही नोकरी स्वीकारीत, कारण तिला मोठ्या कंपनीत जाण्याची पायरी मानले जाई.

मोठ्या कंपन्यांतील वैमानिकांनीही या पायरीवर मर्यादा घातल्या. प्रादेशिक कंपनीने किती आसनांची व किती विमाने उडवावीत याची अट त्यांच्या संघटनांनी करारांत घालून घेतली. आधी अनेक करारांत पन्नास आसने आणि पुढे शहात्तर आसने अशी ही सीमा राहिली. एकाच व्यवसायातील ज्येष्ठांनी आपल्या नोकऱ्या राखण्यासाठी कनिष्ठांच्या वाढीला घातलेली ती कुंपणे होती.

सिनसिनाटी येथे केंद्र असलेल्या कोमेअर कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डेल्टाच्या मालकीच्या या कंपनीतील वैमानिकांनी २६ मार्च २००१ रोजी संप पुकारला. तो ८९ दिवस चालला व त्यातून वेतनवाढ पदरात पडली. प्रादेशिक वैमानिकांचा हा मोठा विजय मानला गेला. परंतु पुढे अधिक खर्चाची कंपनी म्हणून कोमेअरची विमाने व मार्ग कमी होत गेले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी बंद झाली. ज्या यादीसाठी व वेतनासाठी लढा दिला ती यादीच उरली नाही.

४. खासगी जेट : मालकाचा सहवास आणि मालकाची मर्जी

१९५७ मध्ये लॉकहीडच्या जेटस्टारने आणि १९६३ मध्ये लिअरजेट २३ या विमानाने पहिले उड्डाण केले. मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने उडणारे लहान जेट खासगी मालकाच्या आवाक्यात आले. १९६४ मध्ये स्थापन झालेली ‘एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन’ ही कंपनी १९८४ मध्ये रिचर्ड सँटुली यांनी विकत घेतली आणि १९८६ मध्ये एका विमानाची मालकी अनेकांत वाटून देण्याची अंशमालकीची पद्धत सुरू केली. पुढे नेटजेट्स या नावाने प्रसिद्ध झालेला हा उद्योग १९९८ मध्ये वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने घेतला.

खासगी वैमानिकाचे काम केवळ विमान चालविण्यापुरते नसते. सामान चढविणे, खानपानाची मागणी नोंदविणे, विमानतळावर मोटार हजर आहे की नाही हे पाहणे, ही कामेही त्याच्याकडे येतात. वेतन बहुधा वार्षिक असते आणि सुरुवातीच्या वर्षांत ते प्रादेशिक कंपनीपेक्षा चांगले असे. अनोळखी विमानतळ, नवे देश आणि आधुनिक विमाने यांचे आकर्षणही असते. मात्र उद्याचे वेळापत्रक मालकाच्या मनात असते. फोन आला की निघायचे, आणि कित्येकदा परतीचा दिवस ठाऊक नसतानाच निघायचे, असा हा क्रम असतो. बढतीची यादी नाही, तशीच अनेक ठिकाणी संघटनाही नाही. मालक जाणता असेल तर ही नोकरी घरच्यासारखी होते. मालक बदलला, कंपनी विकली गेली किंवा विमान विकले गेले तर एका दिवसात संपते.

नोव्हेंबर २००८ मधील घटना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. डेट्रॉईटमधील तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागण्यासाठी खासगी जेटने वॉशिंग्टनला गेले आणि देशभर संताप व्यक्त झाला. काही दिवसांतच त्यांपैकी फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपली विमानसेवा आवरती घेत असल्याचे जाहीर केले. विमान विभागातील कर्मचाऱ्यांची त्यात काहीही चूक नव्हती. मालकाची प्रतिष्ठा वाचविण्यासाठी सर्वप्रथम सोडावयाची वस्तू म्हणजे विमान, आणि विमानाबरोबर वैमानिक, हे त्यातून दिसून आले. ज्या अंशमालकीच्या कंपनीत संघटना व ज्येष्ठता यादी होती तेथेही मंदीचा फटका बसला. नेटजेट्सने २००९ च्या अखेरीस सुमारे ५०० वैमानिकांना कामावरून थांबविण्याचे जाहीर केले. फरक एवढाच की कोण थांबणार हे तेथे यादीने ठरविले.

५. दोन अपघात, दोन प्रश्न :

या निवडीत केवळ वैमानिकाचे भवितव्य पणाला लागलेले नसते. त्याच्या पाठीमागे बसलेल्या प्रवाशांचे प्राणही त्यात गुंतलेले असतात. दोन अपघातांच्या चौकशीतून हे स्पष्ट होते.

२९ मार्च २००१ रोजी लॉस एंजेलिसहून निघालेले भाड्याचे गल्फस्ट्रीम विमान कोलोराडोतील ॲस्पेन येथे उतरताना डोंगरात कोसळले आणि त्यातील १८ जणांचा मृत्यू झाला. विमान उशिरा निघाले होते, अंधार पडत होता आणि तेथे रात्री उतरण्यावर निर्बंध होता. धावपट्टी दिसत नसताना विमान खाली आणणे हे कारण राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदविले. विमान भाड्याने घेणाऱ्या ग्राहकाकडून उतरण्यासाठी कॅप्टनवर आलेल्या दबावाचा उल्लेखही मंडळाने साहाय्यक कारणांत केला. ‘आज उतरता येणार नाही’ हे वाक्य विमान कंपनीचा कॅप्टन बंद दाराआडून अनोळखी प्रवाशांना सांगतो. खासगी कॅप्टनला ते आपल्या अन्नदात्याला सांगावे लागते.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोला जाणारे कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान कोसळले. विमानातील ४९ व जमिनीवरील १ अशा ५० जणांचा त्यात अंत झाला. विमानाची गती घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती हे कारण ठरले. चौकशीत आणखी एक चित्र उघड झाले. सहवैमानिक आदल्या रात्री मालवाहू विमानांतून सिएटलहून नेवार्कला आली होती, तर कॅप्टनने रात्र विमानतळावरील कर्मचारी कक्षात काढली होती. थकव्याने दोघांच्या कार्यक्षमतेवर परिणाम झाला असावा, मात्र त्याचा अपघातातील नेमका वाटा ठरविता येत नाही, असे मंडळाने म्हटले. नोकरीच्या शहरात राहणे प्रादेशिक वैमानिकाला परवडत होते काय, हा प्रश्न त्यानंतर अमेरिकन संसदेत विचारला गेला.

पहिल्या अपघातात ग्राहक वैमानिकाच्या फार जवळ होता. दुसऱ्या अपघातात कंपनी वैमानिकाच्या इतकी दूर होती की तो रात्री कोठे झोपला हे पाहणारे कोणी नव्हते. दोन्ही मार्गांतील उणिवा एवढ्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसतात.

६. २०१० नंतरची स्थिती :

बफेलोच्या मृतांच्या कुटुंबीयांनी केलेल्या पाठपुराव्यामुळे १ ऑगस्ट २०१० रोजी नवा सुरक्षा कायदा अस्तित्वात आला. पूर्वी २५० तासांच्या अनुभवावर सहवैमानिक होता येत असे. २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीत त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तास आवश्यक झाले. लष्करी वैमानिक व विमानविद्येचे पदवीधर यांना काही सवलत मिळाली. ४ जानेवारी २०१४ पासून कामाचे तास व विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. परंतु हे नियम प्रवासी विमान कंपन्यांपुरते होते. भाड्याच्या विमानांसाठी वेगळे, तुलनेने सैल नियम राहिले आणि स्वतःच्या विमानातून फिरणाऱ्या मालकाच्या वैमानिकाला विश्रांतीचे असे सर्वसाधारण वैधानिक संरक्षण मिळाले नाही. निवृत्तिवयाच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. डिसेंबर २००७ मध्ये विमान कंपनीच्या वैमानिकाचे वय ६० वरून ६५ करण्यात आले. मालकाच्या खासगी विमानाच्या वैमानिकाला ही अट लागू नाही. एका बाजूला संरक्षण आणि बंधन, दुसऱ्या बाजूला मोकळीक आणि असुरक्षितता, असे हे वाटप आहे.

३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे एका खासगी गल्फस्ट्रीम विमानाच्या अपघातात ७ जण मरण पावले. उड्डाणापूर्वी नियंत्रणांची पूर्ण तपासणी झाली नव्हती. त्याआधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ती टाळली गेल्याचे नोंदींतून आढळले. दीर्घकाळ एकत्र काम करणाऱ्या दोन वैमानिकांवर तिसऱ्याची नजर नसेल तर काय घडते, याचे हे उदाहरण होय.

नव्या नियमांमुळे प्रादेशिक कंपन्यांना वैमानिक मिळणे कठीण झाले. कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये, अनेक ज्येष्ठ वैमानिकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली आणि टंचाई वाढली. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट कंपनीने वैमानिकांच्या अभावी २९ लहान शहरांची अनुदानित सेवा सोडण्याचा मानस जाहीर केला. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन तासाला ९० डॉलरपर्यंत नेले; त्यातील काही भाग तात्पुरत्या वाढीचा होता. चार दशके न सुटलेला वेतनाचा प्रश्न संपाने नव्हे, तर टंचाईने काही काळ सोडविला. त्याच वेळी खासगी जेट कंपन्यांनाही वैमानिक टिकविण्यासाठी वेतन व सुट्यांचा विचार करावा लागला.

निष्कर्ष :

१. दोन्ही मार्गांची वाटचाल १९३० च्या दशकापासून भिन्न दिशांनी झाली. अनुसूचित सेवेत वैमानिकांच्या संघटनेने करार घडविले. खासगी सेवेत मालकाचा निर्णय प्रमाण राहिला.
२. गृहीतक बहुतांशी सिद्ध होते. मात्र त्यात एक दुरुस्ती आवश्यक आहे. यादीची सुरक्षितता कंपनीच्या आयुष्याएवढीच असते, हे कोमेअरच्या उदाहरणावरून दिसते. तसेच अंशमालकीच्या कंपन्यांत यादी व संघटना आल्याने खासगी क्षेत्रही एकजिनसी राहिलेले नाही.
३. प्रादेशिक सेवेतील दीर्घकालीन अल्पवेतन हे केवळ कंपन्यांच्या धोरणाचे फलित नाही. विमानाच्या आकाराशी जोडलेली वेतनपद्धती आणि ज्येष्ठ वैमानिकांनी घातलेल्या अटी यांचाही त्यात वाटा आहे.
४. कायद्याने संरक्षण दिले ते प्रामुख्याने सार्वजनिक प्रवाशांच्या विमानातील वैमानिकाला. खासगी विमानातील वैमानिकाचा थकवा हा अद्याप बऱ्याच अंशी मालकाच्या विवेकावर सोडलेला विषय आहे.

समारोप :

कोणता मार्ग चांगला, या प्रश्नाचे सर्वकालीन उत्तर इतिहास देत नाही. २००५ मध्ये खासगी जेट निवडणारा वैमानिक शहाणा ठरला असता आणि २००८ मध्ये तोच पस्तावला असता. २००१ मध्ये कोमेअरच्या यादीत आलेला तरुण विजयी पिढीत दाखल झाला होता. अकरा वर्षांनी तो पुन्हा तळाशी उभा होता. इतिहासावरून एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, वेतनाच्या आकड्यापेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : ‘आज उड्डाण करणे सुरक्षित नाही’ असे वैमानिकाने म्हटले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील? ज्या नोकरीत या प्रश्नाला उत्तर आहे, ती नोकरी वैमानिकालाही सुरक्षित आणि प्रवाशालाही.

भारतात २०१७ पासून ‘उडान’ योजनेखाली नांदेड, जळगाव, कोल्हापूर यांसारखी शहरे प्रादेशिक विमानसेवेच्या नकाशावर आली. या सेवांची चर्चा मार्ग, भाडे व अनुदान या अंगांनी होते. त्या सेवांतील वैमानिकांच्या नोकरीचे स्वरूप हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असून, अमेरिकन अनुभवाच्या पार्श्वभूमीवर तो हाती घेतला जाणे उपयुक्त ठरेल.